गीझाच्या पिरॅमिडजवळ क्वाड बाईक राईड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी मराठी ग्रुप घेऊन इजिप्तला जाते, आणि कैरोत उतरल्यापासून जेवणाच्या टेबलावर, बसमध्ये, लिफ्टमध्ये क्वाड बाईकबद्दल, म्हणजे वाळूत चालवायच्या चार जाड चाकांच्या उघड्या गाडीबद्दल, तेच तेच प्रश्न येतात, म्हणून सगळे एकत्र लिहून ठेवतेय. बहुतेक उत्तरं गीझाबद्दल आहेत, सक्कारा, दहशूर आणि लक्सरचं थोडं पुढे येईल.

क्वाड बाईक पिरॅमिडच्या अगदी पायथ्याशी नेता येते का?

नाही. कुंपणाच्या आतला सगळा भाग पुरातत्त्व खात्याचा आहे, तिथे तिकीट काढून जायचं, आणि क्वाड बाईक आत चालत नाही. राईड होते ती बाहेरच्या, दक्षिणेकडच्या मोकळ्या वाळवंटात, तिथून तिन्ही मोठे पिरॅमिड आणि राण्यांचे छोटे पिरॅमिड एका नजरेत दिसतात, इंटरनेटवर जे फोटो बघून तुम्ही विचारताय ना ते तिथलेच. कुणी कानाशी येऊन "मी मागच्या बाजूने आत नेतो, वेगळे पैसे द्या" म्हणालं तर सरळ नाही म्हणा. त्यात तुमचीही अडचण आणि त्या जागेचंही नुकसान.

मग फक्त राईड केली, आत गेलोच नाही, तर चालेल का?

वेळ नाही म्हणून असं करणारे लोक आहेत, पण मला ते मनापासून पटत नाही. सगळ्यात मोठा, खुफू राजाचा पिरॅमिड मूळचा साधारण १४६ मीटर उंच होता, आज १३८ च्या आसपास उरलाय, आणि अंदाजे २३ लाख दगड त्यात आहेत, हे सगळं वाचून काही कळत नाही, खालच्या ओळीतल्या एका दगडाशेजारी उभं राहिलं आणि तो आपल्या छातीपर्यंत आला की मगच कळतं. ते पायीच बघायचं. आधी सकाळी आत जा, हल्ली फयूम रोडच्या बाजूने नवीन प्रवेशद्वार आहे आणि आत फिरायला इलेक्ट्रिक बस आहेत, सगळं शांतपणे बघा, आणि मग संध्याकाळी वाळवंटात या.

वाळवंटातून जे मिळतं ते आतून मिळत नाही हेही खरं आहे. आत असताना तुम्ही पिरॅमिडच्या इतके जवळ असता की तीन वेगळ्या गोष्टी बघितल्यासारखं वाटतं. लांबून बघितलं की कळतं की हे सगळं एका उंच पठाराच्या कडेवर बांधलंय, एका बाजूला कैरोच्या इमारती अगदी खेटून आल्यात आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही, नुसती वाळू. आणि एक सांगते, लांबून मधला पिरॅमिड सगळ्यात उंच दिसतो म्हणून सगळे त्यालाच खुफूचा समजून फोटो काढतात. तो खाफ्रे राजाचा. तो थोडासा बुटकाच आहे पण जास्त उंच जमिनीवर उभा आहे म्हणून तसं वाटतं. ओळखायचं कसं, तर त्याच्या टोकाला गुळगुळीत दगडांची टोपी अजून शिल्लक आहे, पूर्वी तिन्ही पिरॅमिडवर असं आवरण होतं.

तिथे सिनेमात दाखवतात तशा वाळूच्या मोठ्या टेकड्या आहेत का?

गीझाजवळ नाहीत. तशा डोंगराएवढ्या टेकड्या बघायच्या तर पश्चिमेला पार सिवा या वाळवंटातल्या गावाच्या बाजूला जावं लागतं. गीझाला जमीन म्हणजे कडक वाळू, बारीक खडी, चुनखडीचे तुकडे, मध्ये मध्ये मऊ वाळूचे चढउतार. नवशिक्याला खरं तर हेच बरं. गावाच्या जवळच्या पट्ट्यात प्लास्टिकचा कचराही दिसतो, ते बघून वाईट वाटतं, पण थोडं आत गेलं की कमी होतो.

मी रोज ॲक्टिवा चालवते, म्हणजे मला क्वाड बाईक येईलच ना?

येईल, पण रोज टू-व्हीलर चालवणाऱ्यांनाच मी सगळ्यात जास्त सांगत बसते, कारण हाताला आणि पायाला लागलेल्या सवयी इथे उलट्या पडतात.

पहिली गोष्ट पाय. स्कूटर जरा कलली की आपला पाय आपोआप खाली टेकतो, विचारही करावा लागत नाही. क्वाड बाईकवर पाय खाली सोडला की मागचं चाक त्याच्यावरून जाऊ शकतं. काहीही झालं तरी पाय फुटरेस्टवर. गाडीला चार चाकं आहेत, ती थांबली म्हणून पडणार नाहीये.

दुसरं म्हणजे वळण. स्कूटर आपण कलवून वळवतो, ही गाडी कलत नाही, हँडल दोन्ही हातांनी जोर लावून फिरवावं लागतं आणि आपलं अंग वळणाच्या आतल्या बाजूला झुकवायचं. मागची दोन्ही चाकं बऱ्याच गाड्यांमध्ये एकाच दांड्यावर एकत्र फिरतात त्यामुळे गाडीला सरळच जायचं असतं, ती हट्टाने पुढे ओढते. वेग कमी करून वळा, बास.

तिसरं, ॲक्सिलरेटर. मूठ पिळायची नाही, उजव्या हँडलखाली एक छोटी पट्टी असते ती अंगठ्याने दाबायची. खड्डा आला की घाबरून आपण हँडल घट्ट आवळतो आणि त्यात अंगठाही दाबला जातो, म्हणजे नेमकं नको तेव्हा गाडी पळते. म्हणून निघायच्या आधी सपाट जागेवर पाच-दहा मिनिटं नुसतं चालव-थांबव करा, अंगठा सोडला की गाडी मंदावते हे हाताला कळू दे. अर्ध्या तासाने अंगठा दुखायला लागतो, त्याची लाज वाटून घेऊ नका, गाईडला हात दाखवा, थांबा, बोटं मोकळी करा.

क्लच-गिअरची कटकट नसते, टूरला देतात त्या गाड्या जवळपास सगळ्या ऑटोमॅटिक. इंजिन बंद करायचं लाल बटण कुठे आहे ते मात्र बसायच्या आधी विचारा आणि एकदा दाबून बघा.

नागाव, काशिदला बीचवर चालवली आहे, तेवढा अनुभव पुरे का?

हातात गाडी बसलेली असेल, तो फायदा. पण बीचवरची वाळू ओली, घट्ट आणि सपाट असते, आणि तिथे पाच मिनिटांची चक्कर असते. इथे कोरडी वाळू, चढ-उतार आणि तासभर तरी चालवणं. चढावर अंग पुढे, उतारावर अंग मागे आणि ब्रेक हळूहळू. उताराला आडवं जायचं नाही, गाडी उलटण्याचं मोठं कारण तेच. अर्ध्या चढावर दम गेला आणि गाडी थांबली तर तिथल्या तिथे वळवायला जाऊ नका, ब्रेक दाबून बसा, हात वर करा, गाईड येतो आणि उतरवून देतो, त्याचं ते रोजचं काम आहे.

एका गाडीवर दोघं बसलो तर?

दोन सीटची गाडी असेल तरच. एका सीटच्या गाडीवर मागे कुणी बसलं की सगळं वजन मागे आणि वर जातं, मग चढावर पुढची चाकं हलकी होतात. जोडीला एकच गाडी देऊन पैसे वाचवतो असं तिथले काही जण म्हणतात, तेव्हा सीट बघा, मागच्याला धरायला दांडा आणि पाय ठेवायला जागा आहे का ते बघा. नसेल तर दोन गाड्या घ्या.

मुलं किती वर्षांची चालतील?

गाडी बनवणाऱ्या कंपन्याच मोठ्या मशीनवर इशारा लिहितात की १६ वर्षांखालच्यांनी चालवू नये. तिथे पोहोचल्यावर "काही होत नाही, बारा वर्षांची मुलं चालवतात" असं ऐकायला मिळतं, पण दोनशे किलोची गाडी अंगावर आली तर ती बाजूला करायची ताकद मुलाच्या अंगात नसते. लहान मुलांना पुढ्यात बसवून तर अजिबात नाही. मुलं हट्ट करतात ते मला कळतं, त्यांच्यासाठी उघड्या जीपची राईड विचारा, तीच जागा, तोच सूर्यास्त.

आई-बाबा सत्तरीचे आहेत, करू शकतील?

वयापेक्षा पाठ आणि मान विचारात घ्या. स्लिप डिस्क, गुडघ्याचं नुकतंच झालेलं ऑपरेशन, हाडं ठिसूळ झालेली, गरोदरपण, यातलं काही असेल तर नकोच. दमा असेल तर धुळीचा विचार करा आणि इनहेलर खिशात ठेवा, हॉटेलच्या बॅगेत नको. माझ्या एका ग्रुपमधल्या आजींनी स्वतः चालवली नाही, जीपने आल्या, आम्ही सगळे धूळ झटकत पोहोचलो तोवर त्या चटईवर बसून चहा घेत होत्या आणि तिन्ही पिरॅमिडची नावं नातवाला सांगत होत्या. तोही उत्तम पर्याय आहे, त्यात काही कमीपणा नाही.

कपडे काय घालायचे?

पूर्ण पँट, पूर्ण बाह्यांचा सुती टॉप किंवा शर्ट, बंद बूट. साडी, लांब ओढणी, घेरदार प्लाझो नको, मागच्या चाकात अडकतं आणि सायलेन्सर तापलेला असतो. ओढणी हवीच असेल तर नाकातोंडाला गुंडाळून टोकं शर्टात खोचा. तिथे चौकड्याचा मोठा रुमाल विकतात आणि बांधूनही देतात, पण स्वतःचा नेला तर अर्ध्या वेळात तयार. गॉगल हवाच, चष्मा असेल तर चष्म्यावर बसणारा. कॉन्टॅक्ट लेन्स त्या दिवशी काढून ठेवा, डोळ्यात वाळू गेली की पुढची सगळी संध्याकाळ वाया.

हेल्मेट मागा. पुन्हा सांगते, मागा, कारण स्वतःहून देतीलच असं नाही. पट्टा लागतोय का बघा. वाळूत पडलं तर लागत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नका, त्या वाळूखाली चुनखडीचा खडक आहे.

कुठल्या महिन्यात आणि किती वाजता?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात छान, दुपारी वीस अंशांच्या आसपास आणि अंधार पडला की एकदम गार, त्यामुळे जॅकेट गाडीत ठेवा. दिवाळीच्या सुट्टीतही हवा चांगली असते. मार्च ते मे मध्ये खमसीन नावाचे गरम वारे सुटतात, ते आले की आकाश पिवळट होतं आणि समोरचा पिरॅमिडही दिसत नाही, अशा दिवशी राईड रद्द झाली तर वाद घालू नका. आपल्याकडे शाळेच्या सुट्ट्या मे महिन्यात म्हणून बरेच जण तेव्हाच येतात, मग पहाटेची राईड घ्या, दुपारची तर मुळीच नको.

सूर्यास्ताबद्दल सगळे विचारतात आणि ते रास्तच आहे, कारण कुंपणाच्या आतला भाग संध्याकाळी लवकर बंद होतो, त्यामुळे पिरॅमिडजवळचा सूर्यास्त बघायचा तर बाहेरूनच. डिसेंबरात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये घड्याळ एक तास पुढे असल्यामुळे आठच्या जवळ. त्या हिशेबाने दीड तास आधी निघा. नाझलेत अस-सम्मान म्हणजे स्फिंक्सला लागून असलेलं गाव, तिथून मशिदींची अजान सुरू होते आणि वाऱ्यावर वाळवंटात ऐकू येते, तेवढा वेळ सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद ठेवा अशी मी विनंती करते. पूर्ण अंधारात चालवायचं मात्र टाळा.

रमझान असेल तर सूर्यास्ताची राईड मागू नका. गाईड दिवसभर पाण्याविना असतो आणि नेमकी तीच त्याची उपास सोडायची वेळ. सकाळी जा. आणि शुक्रवारी स्थानिक लोकांची सुट्टी, गर्दी असते.

क्वाड बाईकमुळे तिथल्या प्राचीन गोष्टींचं नुकसान होत नाही का?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न हाच आहे.

आपल्याला वाटतं पिरॅमिड म्हणजे स्मारक आणि भोवतीची वाळू म्हणजे मोकळी जागा. तसं नाहीये. गीझापासून दहशूरपर्यंतचा सगळा पट्टा युनेस्कोने १९७९ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतला तो एकेका इमारतीसाठी नाही, तर प्राचीन मेम्फिस राजधानीची ही अख्खी दफनभूमी म्हणून. राजे आहेत, राण्या आहेत, अधिकारी, पुजारी, कारागीर, सगळे तिथे वाळूखाली आहेत, आणि सगळं खणून झालेलं नाही.

१९९० ची गोष्ट आहे. स्फिंक्सच्या दक्षिणेला एका घोड्याचा पाय कसल्यातरी भिंतीला अडखळला. ती मातीच्या विटांची भिंत निघाली, आणि तिथून इजिप्तचे पुरातत्त्वज्ञ झाही हवास यांच्या पथकाला पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांच्या कबरी सापडल्या. पुरताना सोबत पाव आणि बिअरची मडकी ठेवलेली, हाडांवर जड ओझी वाहिल्याच्या खुणा, मोडलेली हाडं नीट जुळवून बरी केलेली. हे लोक गुलाम होते अशी जी आपली समजूत होती ती या कबरींनी मोडीत काढली, कारण गुलामांना राजाच्या पिरॅमिडजवळ असं मानाने कोण पुरतं. आणि त्याच भागाच्या आसपासच्या वाळूत आपण टायर फिरवायला निघालोय. सक्कारालाही २०२० मध्ये शंभराहून जास्त बंद लाकडी शवपेट्या सापडल्या, अडीच हजार वर्षं जुन्या.

म्हणून माझा ग्रुप असतो तेव्हा नियम एकच, गाईड ज्या चाकोरीतून जातो त्याच चाकोरीतून सगळ्यांनी जायचं. नवीन वाट पाडायची नाही, कोपऱ्यात गोल गोल फिरवून धूळ उडवायची नाही, उंचवटा दिसला म्हणून वर चढवायची नाही, कारण तो उंचवटा म्हणजे वाळूने झाकलेली कबर असू शकते. खापराचा तुकडा दिसला तर उचलायचा नाही, प्राचीन वस्तू देशाबाहेर नेणं गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात. हे ऐकल्यावर काही जण म्हणतात मग मजा काय राहिली. मला विचाराल तर हे माहीत असल्यावर हळू चालवण्यातच मजा आहे, पाच हजार वर्षांच्या जवळपास जुन्या जागेवरून आपण जातोय.

किती पैसे लागतात?

दर सीझनप्रमाणे आणि इजिप्शियन पाउंडच्या भावाप्रमाणे बदलतात म्हणून आकडा लिहित नाही. भाव तासाचा की राईडचा, माणशी की गाडीचा, पाउंडात की डॉलरमध्ये, हेल्मेट-पाणी-हॉटेलहून ने-आण त्यात आहे की नाही, हे सगळं आधी बोलून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. गाईडला टीप द्यायची पद्धत आहे, चांगलं सांभाळलं तर मनापासून द्या, सुट्टे पाउंड जवळ ठेवा. पिरॅमिडच्या तिकिटाचा याच्याशी संबंध नाही, ते वेगळं, आणि खिडकीवर सहसा कार्डानेच पैसे घेतात.

चांगला टूरवाला ओळखायचा कसा?

गाड्या बघा. टायर गुळगुळीत झालेत का, ब्रेक दाबल्यावर लागतोय का, हँडल ढिलं आहे का. गाईड पुढे एक आणि ग्रुप मोठा असेल तर मागे एक हवा. निघायच्या आधी सराव करून घेतो तो चांगला. तुम्ही "हळू चला" म्हणाल्यावर खरंच हळू चालतो तो सगळ्यात चांगला. रस्त्यावर गाडी अडवून "आज मेन गेट बंद आहे, माझ्याबरोबर चला" म्हणतात त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, "ला, शुक्रन" (नको, धन्यवाद) म्हणायचं आणि न थांबता पुढे.

लायसन्स आणि इन्शुरन्स?

लायसन्स सहसा कुणी मागत नाही, पण गाडी डांबरी रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये काढायला लावली तर नाही म्हणा, वाळवंटाच्या कडेपर्यंत दुसऱ्या गाडीने सोडायला सांगा. इन्शुरन्सचं मात्र घरून निघायच्या आधी बघा, बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींमध्ये क्वाड बाईक वगळलेली असते किंवा जास्तीचा ॲडव्हेंचर कव्हर घ्यावा लागतो. एजंटला "क्वाड बाईक कव्हर आहे का" असं नाव घेऊनच विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

ड्रोन नेला तर फोटो भारी येतील ना?

नेऊ नका. परवानगीशिवाय ड्रोन इजिप्तमध्ये आणताच येत नाही, विमानतळावरच काढून घेतात. मोबाईलने छान येतात फोटो. मोबाईल झिपच्या पाउचमध्ये ठेवा आणि गाडी चालवताना व्हिडिओ काढू नका, गाईड थांबून काढून देतो.

उंट किंवा घोडा का नको?

चांगली निगा राखलेला प्राणी असेल तर जरूर करा. पण बरगड्या दिसतायत, खोगिराखाली जखम आहे, भर उन्हात पाण्याविना उभा आहे असं दिसलं तर बसू नका आणि का बसत नाही तेही सांगा. गाडीला निदान वेदना नसतात.

सक्कारा, दहशूर, लक्सरला पण होते का?

सक्काराच्या बाजूच्या वाळवंटात राईड मिळते आणि गर्दी कमी असते. जोसेर राजाचा पायऱ्यांचा पिरॅमिड तिथेच, गीझाच्याही आधीचा. दहशूरला स्नेफ्रू राजाचे दोन पिरॅमिड आहेत, एक मध्यावर वाकलेला आणि एक लालसर, ते गाडीने जाऊन पायी बघावेत असं मला वाटतं, लाल पिरॅमिडच्या आत उतरताही येतं. लक्सरला नाईलच्या पश्चिम काठावर राईड असते, शेतं, गावं आणि थीबीजच्या (लक्सरचं प्राचीन नाव) डोंगरांचा पायथा, तिथे चालवताना गावातली मुलं आणि गाढवं वाटेत येतात, वेग अगदी कमी ठेवा.

राईडच्या दिवशी ग्रँड इजिप्शियन म्युझियम पण होईल का?

म्युझियम पिरॅमिडपासून जवळच आहे म्हणून सगळ्यांना वाटतं उरकून टाकू. नका करू. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते पूर्ण सुरू झालं, तुतानखामूनच्या कबरीतल्या सगळ्या वस्तू तिथे आहेत, आणि खुफूची लाकडी नौका, जी १९५४ मध्ये पिरॅमिडशेजारच्या खड्ड्यात सुट्ट्या तुकड्यांत सापडली आणि जोडल्यावर ४३ मीटरहून लांब झाली, तीही तिथे आणलीये. त्याला अर्धा दिवस तरी द्या, दुसऱ्या दिवशी सकाळी ताजेतवाने होऊन जा. राईडच्या संध्याकाळी फक्त आंघोळ आणि गरम कोशरी, तांदूळ-मसूर-मॅकरोनी-छोले एकत्र, वर टोमॅटोची चटणी आणि तळलेला कांदा, पूर्ण शाकाहारी.